उतारावरची टकटक

माणूस कसा आहे हे मी अजूनही त्याच्या सायकलीच्या साखळीवरून ठरवतो. साखळी कोरडी आणि गंजकी असली, तर तो कितीही गोड बोलो, मी त्याच्याशी बेतानेच वागतो. आता गावात सायकलींचा सुकाळ झाला आहे. चिखलाने माखलेल्या सायकली लोक भिंतीला टेकवून खुशाल चहा प्यायला जातात, आणि मला तिथल्या तिथे त्यांना चार शब्द सुनवावेसे वाटतात. म्हातारपणी तोंड आवरत नाही म्हणतात. माझे तरुणपणीही आवरत नव्हते.

सांगतो आहे ते महाराजांच्या कारकिर्दीतल्या शेवटच्या काही वर्षांतले. तेव्हा कोल्हापुरात सायकल ही रस्त्यात थांबून बघायची गोष्ट होती. मी सरकारी पागेत कारकून होतो. घोड्यांच्या दाण्यागोट्याची नोंद ठेवायची, आणि यायचे-जायचे मात्र सायकलीवरून, म्हणजे घोडे राखणाऱ्या मोतद्दारांच्या डोक्याला ताप. "कारकून, ह्ये चाक लांब लावा की, घोडं बिथारतंय," म्हणून ते रोज ओरडत. तालमीतले पैलवान तर वाट अडवून विचारत, "मांड्या कशाला हाईत रं मर्दा? हवेच्या रबरावर बसाया?" आम्ही घंटी वाजवून पुढे जायचो. चेष्टा करणाऱ्यांच्या नजरा चाकांवर खिळलेल्या असत, हे आम्हाला कळत होते.

आम्ही म्हणजे चौघे. एक दवाखान्यातला कंपाउंडर, एक शाळेतला चित्रकलेचा मास्तर, मी, आणि गंगावेशीजवळच्या एका शिकलगाराचा मुलगा. त्या शिकलगाराच्या मुलाचीच ही गोष्ट आहे. बाकीच्या दोघांनी मला माफ करावे.

दर रविवारी सकाळी आम्ही रंकाळ्यावर जमायचो. सायकली उलट्या, सीट आणि हँडलवर उभ्या करायच्या आणि मग तास न् तास त्यांची सरबराई. घंटीची पितळ चिंचेने, हँडलचे निकेल खडूच्या पुडीने, सीटचे कातडे खोबरेलाने. चाकांच्या मधल्या हबाला कातड्याची एक सैल पट्टी बांधलेली असे. चाक फिरले की ती हबावर घासत राही आणि तो आपोआप लखलखत राही. सगळे उरकले की तपासणी. पांढरा रुमाल घेऊन एकाने दुसऱ्याच्या सायकलीवरून फिरवायचा, तारांमधून, दांड्यांखालून, जिथे बोट जात नाही तिथून. रुमालाला काळा डाग पडला, की त्या माणसाने सगळ्यांच्या सायकली पुसायच्या. घरच्या लग्नाला उशीर करणारी माणसे होतो आम्ही, पण त्या तपासणीला कधी उशीर केला नाही.

माझ्या दोस्ताच्या सायकलीवर रुमाल कधी काळा झाला नाही. बापाने जन्मभर तलवारी आणि जंबिये घासून लखलखीत केलेले, तो हात मुलात उतरला होता. बापाला मात्र याचे काडीचे कौतुक नव्हते. दसरा जवळ आला की त्यांच्या ओसरीवर सरदारांच्या घरच्या तलवारींचा ढीग लागे. चाचा, त्याच्या बापाला आम्ही चाचाच म्हणायचो, सहाणेच्या चाकासमोर ठिणग्यांत बसलेले असत, आणि मुलगा शेजारी सायकलीचे हँडल पुसत असे. चाचा म्हणत, "ज्येला धार न्हाय, त्या लोखंडाला काय घासायचं? आरसा कर त्याचा आन् दाढी कर." चाकाच्या त्या घरघरीत बसून बसून चाचांचे कान गेले होते, त्यामुळे मुलगा काय उलट बोले ते त्यांना ऐकू येत नसे. ते बरेच होते.

दोस्ताच्या सायकलीत दोन गोष्टी अशा होत्या, ज्यांवरून आम्ही त्याला छळायचो. पहिली म्हणजे तिचे फ्रीव्हील. माझी सायकल जुन्या पद्धतीची. चाक फिरले की पायडल फिरणारच, उतारावर पाय उचलून धरावे लागत. त्याच्या सायकलीला फ्रीव्हील होते. पाय थांबवले तरी चाक पळे आणि मागून टकटक आवाज येई. पण आत कुठेतरी एक दात झिजलेला होता. त्यामुळे टक-टक-टक होई, मग श्वास चुकावा तशी एक खोट पडे आणि पुन्हा टक-टक-टक. मी म्हणायचो, लंगडा घोडा आहे, बदलून घे. तो म्हणायचा, "मर्दा, अम्मा वळखती त्या खोटीवरनं."

ते खरे होते. चाचींना, म्हणजे त्याच्या अम्माला, रातांधळेपणा होता. दिवेलागण झाली की त्यांना समोरचा माणूस दिसत नसे. त्यांच्या घराची गल्ली वरच्या रस्त्यावरून नदीकडे उतरत जाते. उताराच्या तोंडाशी आला की दोस्त पाय थांबवायचा, आणि ती लंगडी टकटक गल्लीभर उतरत यायची. ती ऐकली की चाची तवा चुलीवर ठेवायच्या. तो दारात पोचून सायकल उभी करेपर्यंत आत भाकरी थापल्याचा थपथप आवाज सुरू झालेला असे. कितीतरी वेळा मी त्याच्या मागोमाग उतरलो आहे आणि तो आवाज ऐकला आहे. मी उंबऱ्याबाहेरच थांबायचो. त्यांच्या घरचे पाणीही मी कधी प्यालो नव्हतो. त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही. तेव्हा हे असे गृहीत धरलेले असायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे मागची जाळी. आम्ही सायकल दिसायला सडपातळ ठेवायचो, पंपसुद्धा लपवून लावायचो. ह्याने मागच्या चाकावर लोखंडी जाळी बसवून घेतली आणि वर गोधडीची घडी बांधली. आम्ही म्हणालो, आता कडब्याच्या पेंढ्या वाहणार का? त्याला अम्माला रंकाळ्यावर न्यायचे होते. नवी नवरी म्हणून या गावात आली तेव्हा तिने एकदाच रंकाळा पाहिला होता, त्यानंतर चूल आणि ती गल्ली. दर रविवारी निघताना तो दारातून ओरडायचा, "अम्मा, बसतीस काय?" आणि चाची आतून म्हणायच्या, "गाव तोंडात शेण घालंल रं! बाईमाणूस चाकावर बसतंय व्हय?" हे नेहमीचेच झाले होते. पण एकदा तो आत पाणी प्यायला गेला असताना मी पाहिले, चाची जाळीवरच्या गोधडीवर हात फिरवून ती किती मऊ आहे ते बघत होत्या.

मग मानमोडीचा ताप आला. त्या साथीबद्दल मी जास्त लिहिणार नाही, लिहवत नाही. सकाळी बोललेला माणूस दुसऱ्या दिवशी नसायचा. दोस्त तापला, मान धरवेना म्हणाला, आणि गेला. मी त्याला शेवटचे पाहिले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला म्हणाला, "साखळीला तेल घाल, वाळती ती." एवढेच. मला फार राग आला होता. कोणावर, ते अजून ठरलेले नाही.

त्यांच्यात म्हणतात की गेलेल्या माणसाचा जीव चाळीसाव्यापर्यंत घराभोवती असतो, आणि पुढेही दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी, दारापर्यंत येऊन जातो. म्हणून त्या वेळी घरात ऊद जाळतात, ताटावर फातिहा देतात. चाळीसावा झाल्यावर चाचा सायकल ढकलत पागेत आले. मोतद्दार गप्प बसून बघत राहिले. चाचा म्हणाले, "तू घे ही. घरात ठिऊ नगं वाटतंय. ती येताजाता हात लावती हिला."

सायकलीची दशा बघवत नव्हती. घंटी काळी, साखळी लाल, चाके बसलेली. मी ती घरी नेली आणि आम्हा लोकांना जे एकच येते ते केले. सगळी खोलली. तार अन् तार पुसली. फ्रीव्हील घासलेटात बुडवून ठेवले, दातांतली घाण काडीने काढली, आणि शिवणयंत्राचे पातळ तेल सोडले, कारण पातळ तेलावर फ्रीव्हील मोकळे गाते. आपल्या दोस्तासाठी आणखी काय करणार होतो मी? दुसऱ्या कोणी एवढी मेहनत घेतली नसती. कसेबसे तेल ओतले असते, सायकल नुसती फिरली असती, आणि पुढचे काही घडले नसते.

माझे घर त्याच गल्लीच्या खाली, नदीच्या अंगाला. पहिल्यांदा त्या सायकलीवर पागेतून घरी निघालो तेव्हा दिवे लागायची वेळ होती. वार गुरुवार होता, पण माझ्या डोक्यात वार नव्हता. डोक्यात सायकल होती. उताराच्या तोंडाशी आलो आणि जन्मात पहिल्यांदा पाय थांबवले. ती सुटली. टक-टक-टक, खोट, टक-टक-टक. मला इतका आनंद झाला की लाज वाटते सांगायला. वाटले, हा कुठे मेला आहे?

दोस्ताच्या घरासमोर आलो आणि आतून थपथप ऐकू आली.

मी ब्रेक दाबला. पाय जमिनीला टेकला. ऊदाचा धूर दारातून बाहेर येत होता. चाची चौकट धरून उंबऱ्यावर आल्या, हाताला पीठ तसेच. माझ्याकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "लई येळ लावलास रं आज." आवाजात ना रडणे, ना आश्चर्य. रोज उशिरा येणाऱ्या मुलाला आई बोलते तसे बोलल्या. मी "चाची" एवढेच म्हणालो असेन. त्यांनी माझा आवाज ओळखला, मान हलवली आणि म्हणाल्या, "तू बी हाईस व्हय? बरं झालं. ह्ये दोगं संगंच येत्यात की."

मी सायकल तिथेच टाकून पळालो नाही हे माझ्या हातून घडलेले एक चांगले काम. पण थांबलोही नाही. घरी जाऊन अंथरुणात पडलो आणि सकाळपर्यंत त्या "तू बी" या शब्दांशी झटत राहिलो.

शहाण्याने दुसऱ्या दिवशीपासून लांबची वाट धरली असती. मीही धरली, दोन-चार दिवस. मग पुन्हा उतार धरला. खरे सांगायचे तर मला तो आवाज हवा होता. मलाही तो हवा होता, एकट्या त्याच्या आईलाच नाही. दारात थांबायचो, घंटी एकदा वाजवायचो, चाची बाहेर येऊन काहीबाही बोलायच्या आणि मी खाली निघून जायचो. त्या माझ्याशी बोलतात की माझ्या मागे कोणी उभे आहे त्याच्याशी, हे मला कधी कळले नाही, आणि मी कधी वळून पाहिले नाही.

थोड्याच दिवसांत चाचा पुन्हा पागेत आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "बाळा," ते म्हणाले, "ती रोज दोन ताटं वाढती. त्येचं ताट निवस्तोवर सोता जेवत न्हाय. मौलवीसाब म्हणत्यात, जीव गुतवून ठिऊ नगा, त्येला जाऊ द्या. त्यो आवाज बंद कर. मला तर कवाच ऐकू आला न्हाय त्यो, पण तिचं काय हुतंय त्ये मला दिसतंय."

वाट बदलतो, मी त्यांच्या कानाशी ओरडून म्हणालो. ते म्हणाले, वाट बदलून काय उपयोग, वाऱ्यावर आवाज लांबून येतो, ती कान देऊन बसलेली असते. म्हणून मी त्या दिवशी एक असे काम केले की आमच्यातल्या कोणी पाहिले असते तर मला रंकाळ्यावर उभे केले नसते. बैलगाडीच्या आसाला लावतात ते काळे, दाट वंगण आणले आणि त्या स्वच्छ फ्रीव्हीलमध्ये बोटाने ठासून भरले. चाक फिरवून पाहिले. मागे काहीच वाजले नाही. चाक नुसतेच फिरत होते, तोंड बांधलेल्या माणसासारखे. माझ्या हाताचे काळे बरेच दिवस गेले नाही.

मी गल्लीतून मुकाट उतरू लागलो. पहिल्या संध्याकाळी दार बंद होते. दुसऱ्या संध्याकाळी बंद होते. मला वाटले, सुटलो सगळे. वाईटही वाटले आणि हायसेही वाटले. मग पाऊस लागला म्हणून मी सायकल घरात उभी करून ठेवली आणि पायीच जाऊ-येऊ लागलो.

पाऊस उघडला त्याच्या दुसऱ्या दिवशी चाचा तिसऱ्यांदा आले. ह्या वेळी हातात घासलेटाची बाटली होती.

"तू सायकल काढतोस काय रं संध्याकाळची?" त्यांनी विचारले. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितले, नाही, घरात आहे, खोळ घालून. ते म्हणाले, "तिला आवाज येतोय. रोज येतोय. पण आता त्यो थांबत न्हाय म्हणती. वरनं येतो, दारावरनं जातो, नदीकडं उतरतो. ही तवा ठेवती, बाहेर पळती, तवर गेलेला असतोय. काल चिखलात पडली. अन्न सोडलंय तिनं. म्हणती, सायकलच काढून दिली त्येची, आता त्यो थांबंल कशावर?"

दिवसाउजेडी पागेच्या अंगणात मला मागे बघायचा धीर होत नव्हता. घासलेटाची बाटली माझ्या हातात देत चाचा म्हणाले, "धू त्ये. वाजू दे. मौलवीसाबांस्नी मी बघतो."

सायकल घरून आणवली. अंगणातच उलटी उभी करून चाक काढले. ते वंगण काढताना मला रडू आले आणि मी ते पुसले नाही, कारण हात काळे होते. चाचा समोर उकिडवे बसून बघत होते. सगळे धुऊन झाले, पातळ तेल सोडले, चाक बसवले. मग चाचांनी खांद्यावरचे फडके काढले, तलवारीचे पाते पुसतात तसे दोन बोटांत धरले आणि हबावरून, तारांमधून, दांडीखालून फिरवले. आमची तपासणी त्यांनी कधी पाहिली नव्हती. फडके उजेडात धरून बघितले. हँडलच्या निकेलवर स्वतःचे तोंड बघितले. म्हणाले, "हात बरा हुता की पोराचा. बोललो न्हाय कवा." आणि मी चाक फिरवले तेव्हा त्यांनी कान देण्याऐवजी तळवा चाकाजवळ नेला. टकटक त्यांना बोटांनी लागते का ते ते बघत होते. लागली असावी. त्यांनी हात काढला नाही.

त्या जुम्मेरातीला मी उतार उतरलो, दारात ब्रेक दाबला, घंटी वाजवली आणि सायकल त्यांच्या भिंतीला नाही, दोस्त लावायचा तशी खांबाला लावली. चाची बाहेर आल्या. आधी त्यांनी चाचपडत सीटवरून हात फिरवला, मग मागच्या जाळीवरून, गोधडीच्या घडीवरून. "थांबला," त्या म्हणाल्या. आत दोन ताटे होती, फातिहा दिलेली. एका ताटासमोर त्यांनी मला हाताने धरून बसवले. ताटात जोंधळ्याची भाकरी, वांग्याचे कालवण आणि खर्डा. मी क्षणभर थांबलो. मग भाकरी मोडली. चाची माझ्या तोंडाच्या आवाजाकडे कान लावून बसल्या होत्या, आणि मी दोन-चार घास खाल्ल्यावर त्यांनी स्वतःच्या ताटाला हात घातला. कित्येक दिवसांनी ती बाई जेवत होती. चाचा तोंड फिरवून चुलीतली लाकडे उगाचच सारत होते.

मग ते दर जुम्मेरातीचेच झाले. माझी आई एकदा म्हणाली, "तुझ्या सदऱ्याला ऊदाचा वास येतोय." पुढच्या गुरुवारपासून तिने माझ्या वाटणीची भाकरी थापली नाही, आणि कुठे जेवून येतोस हेही विचारले नाही. तिच्या ह्या न विचारण्याचे ऋण माझ्यावर आहे.

आणि एक सांगायचे राहिले. फ्रीव्हीलचा आवाज पाय थांबवल्यावर येतो. पायडल मारत असाल तर ते मुके असते. हे कुठल्याही सायकलवाल्याला विचारा. पण रंकाळ्याकडून येताना, सपाट रस्त्यावर, मी जोर लावून पायडल मारत असताना टकटक ऐकली आहे. एकदा नाही, पुष्कळदा. माझ्या डाव्या बाजूला, जरा मागे, तो नेहमी चालवायचा तिथे. तीच खोट पडणारी. आधी मी घाबरून वेग वाढवायचो. नंतर कमी करू लागलो, त्याला बरोबर येता यावे म्हणून. कंपाउंडरला सांगितले तर तो म्हणाला, कानात तेल घाल. मी म्हणालो, तू आधी साखळीला घाल.

बरेच दिवस गेले, पावसाळे गेले. चाची खंगत चालल्या होत्या. एका जुम्मेरातीला मी पोचलो तर थपथप ऐकू आली, पण ती त्यांची नव्हती. अडखळत होती. दारातून बघितले तर चाचा चुलीपुढे बसलेले, पुढ्यात फाटलेली, जाडजूड भाकरी. चाची भिंतीशी अंथरुणावर होत्या. घंटी ऐकून त्यांनी विचारले, "आला?"

हा एक प्रश्न चाचांना चाचींच्या ओठांवरून कळायचा, आणि इतक्या दिवसांत त्यांनी त्याला एकच उत्तर दिले होते. माझे नाव घेऊन ते म्हणायचे, अमका आलाय. त्या दिवशी ते मोठ्याने, बहिरी माणसे बोलतात तसे म्हणाले, "आला की! आला तुजा!"

चाची हसल्या. हाताने त्यांनी केस सारखे केले, पदर डोक्यावरून नीट घेतला, कोणी बाहेर जायला निघावे तसा. मग म्हणाल्या, "त्येला म्हणावं थांब जरा. येते मी. मागं बसते."

चाचांना ते ऐकू गेले नाही. त्यांनी माझ्याकडे बघितले. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितले, आणि ते तसेच पिठाच्या हाताने बसून राहिले. भाकरी तव्यावर करपली.

दुसऱ्या दिवशी जुम्म्याच्या नमाजानंतर चाचींना मूठमाती दिली. मीही गेलो होतो. मी कुठे उभे राहायचे हे कोणी सांगितले नाही, म्हणून मी चाचांच्या शेजारी उभा राहिलो. संध्याकाळी माणसे पांगली. माझी सायकल कालपासून त्यांच्या खांबालाच होती. मी ती सोडवली आणि हातात धरून वळवली. हातात धरून ढकलली तरी फ्रीव्हील वाजते. ती वाजली, हळू, एकेक टक सुटी. आणि जड लागली. चाके मी बघितली, दोन्हींत हवा टणक होती. ब्रेक कुठे घासत नव्हता. तरी जड लागत होती, मागच्या बाजूला.

चाचा दारात उभे होते. त्यांना काही ऐकू आले नसणार. पण ते माझ्या हातांकडे बघत होते, हँडल किती घट्ट धरले आहे त्याकडे. मग मागच्या जाळीकडे बघितले. गोधडीची घडी त्यांनी पुढे येऊन सारखी केली.

"सावकाश ने बाळा," ते म्हणाले. "तिला सवय न्हाय."

माझे घर खाली नदीकडे होते. मी सायकल वर घेतली आणि रंकाळ्याच्या वाटेला लागलो.